तट्ट्यांचं घर

अनुसयाने टांगलेल्या रेल्वेरुळाच्या तुकड्यावर हातोडी हाणली आणि पोरं पळत सुटली, ती थेट तंबूंकडे. परतली ती वाडगे घेऊन, आणि टिनाच्या शेडसमोर मुकाट्याने ओळ धरून उभी राहिली.

तिने कपाळावर हात मारला. बालाघाटच्या या निर्वासितांच्या छावणीत जेवणाची घंटाही हीच! पूर्व बंगालमधून निघाल्यापासून लेकरांनी रांगेशिवाय काही पाहिलं नव्हतं, आणि मास्तरीणबाई निघाल्या होत्या घंटा बडवून शाळा भरवायला.

"बाई, काहून जीव काढून राह्यल्या?" चौकीदार फकिरा म्हणाला. "शुक्रवारी साहेब येतीन. पोरं रमलेली नाई दिसली, का शाळा बंद करून शेडमंदी रेशनचे पोते भरतीन."

"भरतीन कसे? मी आहो ना इथं."

हातोडी तिने त्याच्याच हाती दिली, ती पुन्हा मागितली नाही. माहेरी किरनापुरला निरोप धाडून बैलगाडीभर बांबूचे तट्टे आणवले. ते कुठेच ठोकले नाहीत. खाली आडव्या पट्ट्या बांधून ते उभे केले, म्हणजे पोरालाही सरकवता यावेत. एका अंगाला माती लिंपून काजळी फासली, की सकाळचा फळा तयार. दुपारी ज्याने त्याने तट्टे हवे तिकडे ओढावेत.

दोन दिवस पोरं नुसती बघत राहिली. मग मिनती नावाच्या मुलीने एक तट्टा कोपऱ्यात ओढला आणि मागे जाऊन बसली. अनुसया डोकावली, तशी मिनतीने तट्टा ओढून फट बंद केली. फकिरा खो-खो हसला. अनुसयाला मात्र भरून आलं. आपलं दार लावून घ्यायला या पोरीला केव्हापासून मिळालं नव्हतं, कोण जाणे.

शुक्रवारी जीप आली तेव्हा एकही पोर रांगेत नव्हतं. तट्ट्यांआडून नुसती कुजबुज. अनुसया लगबगीने शेडच्या दारात आली.

"मुलं कुठे आहेत?" साहेब बुटांसकट आत निघाले.

मिनती बाहेर आली. हात आडवा धरून तिने त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं. मग आत जाऊन पाण्याने भरलेला वाडगा आणला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. किरनापुरलाही पाहुण्याला असंच पाणी देतात.

साहेबांनी अनुसयाकडे पाहिलं.

"पाय धुवा लागतीन, साहेब," ती म्हणाली. "घर त्यायचं आहे."

साहेब बुटांच्या नाड्या सोडायला वाकले. त्यांच्यामागे जीपमधून उतरलेला कारकून, कारकुनामागे फकिरा, मुकाट्याने ओळ धरून उभे राहिले.