एफी आत्याचा पाहुणा आणि मी, बिंगोचा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. एवढं सोडलं, तर माझ्या आयुष्यातलं फारसं काही मला खात्रीने सांगता येणार नाही. जे कानावर पडलं तेच मला ठाऊक, आणि त्यातलंही निम्मं अजून उमगलेलं नाही. तुम्ही ऐका आणि तुम्हीच काय तो अर्थ लावा.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. कुणीतरी माझ्या तोंडाशी येऊन "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हटलं आणि मला खोक्यात घातलं. मला वाटलं, आता पुढचं काहीतरी बोलतील, पण कुणी काही बोललंच नाही. पुढे माझी रवानगी साता समुद्रापारच्या केप ब्रेटन बेटावरच्या एका चर्चच्या सभागृहात झाली. तिथे दर आठवड्याला डंकन जॉन नावाचे गृहस्थ माझ्यात आकडे ओरडायचे आणि मग एखादी बाई एकदम "बिंगो!" म्हणून किंचाळायची. बिंगो म्हणजे म्हणे आपल्या हौजीसारखा आकड्यांचा खेळ, पण बाईला काय झालं, हे मला कुणी सांगितलं नाही. पण माझं कौतुक मात्र व्हायचं. "माइक दणकट आहे हो! डंकन जॉनचा खोकलासुद्धा मागच्या खुर्चीपर्यंत पोचवतो," असं फादर म्हणायचे, तेव्हा मला धन्य धन्य वाटायचं.

मग बिनवायरीचा नवा माइक आला आणि मला नाताळच्या नाटकाच्या सामानाबरोबर कपाटात कोंबलं. माझं काय चुकलं होतं? मी कधी आकडा गाळला होता का? कित्येक वर्षं मी नुसती उंदरांची खुडबुड ऐकली. एके दिवशी कपाट करकरलं आणि सभागृहाच्या राखणदाराचा आवाज आला, "घेऊन जा, लेक्सी. बिंगोचा आहे, पण आवाज चांगला धरतो."

लेक्सी मॅकइसाक फिडल वाजवते. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण नाचायला लावणारं. ती तिच्या एफी आत्याकडे राहायची. आत्या ऐंशीच्या पुढची, कानाने जराशी मंद, पण पियानोवर बसली की खोलीची जमीन हलायची. तीस वर्षं दोघी एकत्र वाजवत होत्या. मला त्यांनी पियानोजवळ उभं केलं. फिडलपाशी एक नवा, तरुण माइक होता. तो माझ्याशी कधी बोलला नाही.

त्या घरात एक तिसरा आवाजही होता. तो भराभर, एका दमात, "खाली, ट्रॅक दोन, बटण, बंद" असं काहीतरी पुटपुटायचा. त्याला ना कुणी हाक मारायचं, ना कुणी उत्तर द्यायचं. मला वाटलं, घरात कुणी विक्षिप्त भाडेकरू ठेवला असावा. पुढे रेमिजिओ नावाच्या माणसाचे फोन येऊ लागले, तेव्हा थोडा उलगडा झाला. तो दूर न्यू मेक्सिकोत राहायचा आणि लेक्सीला घरच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करायला शिकवायचा.

"हे बघ," तो म्हणाला, "आपल्याला पडदा दिसत नाही, म्हणून कॉम्प्युटर आपल्याला वाचून दाखवतो. त्याचा आवाज तुझ्या इयरफोनमध्येच राहू दे. खोलीत सुटला, की माइकमध्ये शिरलाच म्हणून समज."

आपल्याला दिसत नाही? म्हणजे लेक्सी अंध होती! मित्रांनो, मला हे तोवर माहीतच नव्हतं. मला स्वतःलाच डोळे नाहीत. कुणाला दिसतं आणि कुणाला नाही, हे मी कशावरून ओळखू?

लेक्सीची घाई मात्र मला समजत होती. आत्याचा मुलगा नीली आपल्या आईला दूर पश्चिमेला, आल्बर्टाला घेऊन जाणार होता. आत्या जिन्यावर पडली होती आणि आता तिला इथे ठेवायला तो तयार नव्हता.

"तू गेलीस की मी कुणाबरोबर वाजवू गं?" लेक्सी म्हणाली.

"कुणीतरी भेटेल."

"तुझ्यासारखं कुणी वाजवत नाही, आत्या. मला तुझा पियानो घरात हवाय. निदान एक अख्खी रील तरी. तेवढी मिळाली, की मी रोज तिच्याबरोबर वाजवीन."

रील म्हणजे तिकडची नाचाची भरधाव धून. तेवढी एकच तिला हवी होती, आणि तेवढंच जमत नव्हतं. कधी फिडल पियानोला गिळून टाकायचं, तर कधी ध्वनिमुद्रण सुरूच झालेलं नसायचं. लेक्सी पुन्हा ऐकताना माझा आवाज कमी करायची, त्या तरुण माइकचा वाढवायची, मग उलटं करायची. याला ती मिक्सिंग म्हणायची. मला ती शिक्षा वाटायची.

"परत?" आत्या कुरकुरायची. "माझ्या बोटांना काय मोटर बसवलीय का?"

नीली येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी दोघी शेवटच्या बसल्या. लेक्सीने मला जरा पियानोकडे सरकवलं, तेव्हा काहीतरी खट्ट झालं. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. रील सुरू झाली आणि काय सांगू! आत्याचा डावा हात असा काही चालला की माझी जाळी थरथरली. लेक्सीचा पाय जमिनीवर ताल धरत होता. बिंगोची किंचाळी परवडली, इतका जोर त्या खोलीत होता.

आणि ऐन रंगात तो आवाज खोलीत बोलला, "बॅटरी कमी आहे. दहा टक्के शिल्लक. चार्जर जोडा."

खट्ट झालं होतं ते इयरफोनची वायर निसटल्याचं होतं.

त्या बेटावर कुणी दार वाजवत नाही. माणूस सरळ स्वयंपाकघरात येतो. आधी त्याला तो कुणाचा ते विचारायचं आणि मग चहा द्यायचा. आत्याला वाटलं, असाच कुणीतरी आत आलाय. हात न थांबवता ती ओरडली, "कुणाचा रे तू? बैस, बैस! एवढी रील होऊ दे, मग चहा टाकते!"

आणि तिने रील पुरी केली. एकही सूर चुकला नाही.

लेक्सी मात्र रडायला लागली. "आत्या, तो कॉम्प्युटर होता गं! सगळं गेलं!"

"कॉम्प्युटर? मग त्याने आधी सांगायचं नाही का!" आत्या म्हणाली. तिने पुन्हा वाजवून पाहिलं, पण बोटं थकली होती. दुसऱ्या दिवशी नीलीची गाडी आली, दारं आपटली आणि घर इतकं शांत झालं, की मला पुन्हा कपाटात गेल्यासारखं वाटलं.

मग लेक्सी त्या एका रीलमागे हात धुऊन लागली. रीलमध्ये तोच भाग फिरून फिरून येतो. आधीच्या फेरीतला स्वच्छ तुकडा कापून तिने तो बिघडलेल्या जागी बसवला. जोडावर टिचकी वाजायची. रेमिजिओ फोनवर ऐकायचा आणि म्हणायचा, "सांधा कळतोय. पुन्हा कर." ती चिडायची, शिव्या द्यायची, आणि पुन्हा करायची. अखेर एके दिवशी तो म्हणाला, "आता मलाही सापडत नाही. शाबास, लेक्सी!" माझ्या तर काहीच ध्यानात येईना. मी त्या खोलीत हजर होतो, आत्याचं बोलणं मी स्वतः धरलं होतं. मग ते गेलं कुठे?

लेक्सीने आल्बर्टाला फोन लावला आणि ती रील आत्याला ऐकवली.

"छान आहे," आत्या म्हणाली. "कोण वाजवतंय?"

"तूच, आत्या! त्या शेवटच्या दुपारी."

"मी? मग तो पाहुणा कुठे गेला? मी त्याला बैससुद्धा म्हटलं नाही?"

"काढून टाकलं ते. चूक होती ना."

"माझ्या घरात आलेल्या माणसाला काढलंस? अगं, लोक काय म्हणतील मला!"

लेक्सी आधी खो खो हसली, मग हुंदके देऊ लागली. फोन ठेवल्यावर तिने आठवडेच्या आठवडे खपून बसवलेला तुकडा काढून टाकला, आणि आत्या माझ्यात जशी ओरडली होती तशी पुन्हा खोलीत ओरडली. आता लेक्सी रोज त्या रीलबरोबर वाजवते.

मित्रांनो, यात चूक कोणती आणि गाणं कोणतं, ते मला विचारू नका. मी गोंधळलेला होतो आणि गोंधळलेलाच आहे. पण तुमच्याही घरात कुणाचा आवाज कशात तरी साठवलेला असेल. तो साफसूफ करायला बसाल, तेव्हा एवढं करा, आधी त्या माणसाला फोन लावा आणि विचारा. विचारायला ते माणूस आहे, तोवरच विचारा.