रोलर कोणी चालू ठेवला

लॉन्ड्रीच्या मालकांचा फोन आला तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय. टोळीतून बाहेर पडलेल्या पोरापोरींना कुठेतरी कामाला चिकटवून देणं ही माझी नोकरी. एकोणीस वर्षांत एवढं कळलंय, की चांगली बातमी द्यायला मालक कधी फोन करत नाहीत.

लॉन्ड्रीत पोहोचले तर करपल्याचा वास सुटलेला. इस्त्रीचा गरम रोलर बंद न करताच कोणीतरी निघून गेलं होतं आणि दवाखान्याच्या चादरी आत अडकून जळल्या होत्या. मीच इथं कामाला लावलेली कात्री भिंतीला टेकून उभी होती. टोळीत पडलेलं हे नाव काही केल्या तिला सोडत नव्हतं.

"कोणी केलं विचारतोय, तर तोंडाला कुलूप!" मालक म्हणाले. "म्हणजे हिनंच केलं. उद्यापासून नको मला ही."

उद्याच तिची कोर्टात तारीख होती. सहा महिने काम टिकवल्याच्या कागदावर मालकांची सही नसेल, तर पोरगी परत आत जाणार होती.

मी तिला बाजूला घेतलं. "तू केलंस?"

"नाही."

"मग कोण?"

तिची नजर एकदा मावशींकडे गेली. वीस वर्षं तिथं राबलेल्या मावशी मान खाली घालून एकाच चादरीची घडी पुन्हा पुन्हा घालत होत्या.

"अगं, ही टोळी नाही. इथं नाव सांगितलं म्हणून कोणी मारायला येत नाही."

"माराच्या भीतीनं गप्प नाहीये मी, बाई. त्यांना या वयात दुसरं कोण ठेवून घेणार?"

थकले होते मी. मावशींचं नाव आपणच सांगून मोकळं व्हावं म्हणून मालकांकडे वळले, तेवढ्यात मागून कात्रीचा आवाज आला.

"मीच केलं. विसरले बंद करायला."

मालक तिच्याकडे वळले. "मग हे आधी बोलायला काय झालं होतं? चूक होते माणसाकडून. मला लबाडी तेवढी खपत नाही." त्यांनी खिशातून पेन काढलं. "खरं बोललीस, म्हणून सही करतोय."

मावशींनी वर पाहिलं नाही.

बाहेर आल्यावर मला हायसं वाटत होतं आणि त्याचीच लाज वाटत होती. कात्रीनं कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला.

"बाई, दोन वर्षं खरं बोलायला शिकवलंत. ही सही कशी मिळाली, असं उद्या कोर्टात विचारलं तर काय सांगू?"

"नुसता कागद दे," मी म्हणाले. "तोंड उघडू नकोस."