थोरलीची विंडोज, धाकटीची विंडोज

“ताई, थांबा, थांबा! मला नवीनमध्ये जायचंय!”

सुवर्णा चहाचा कप ओट्यावर ठेवून धावत आली, पण तोवर ज्योत्स्नानं बटण दाबलं होतं. पडद्यावरच्या दोन चौकटींपैकी खालची निवडली गेली आणि कॉम्प्युटर जुन्या विंडोजमध्ये शिरला.

“अगं, मला शाळेचे बिल्ले काढायचेत,” ज्योत्स्ना म्हणाली. “तू बस ना दुपारी.”

“बरं, चालेल,” म्हणत सुवर्णा हसून परत गेली. तिचं हे लगेच हसणंच ज्योत्स्नाच्या डोक्यात जायचं. एकदा तरी तोंड वाकडं करावं या बाईनं, म्हणजे आपल्यालाही करता येईल.

इंदिरानगरच्या या रो-हाऊसच्या खालच्या खोलीत एम्ब्रॉयडरीचं मशीन आलं, तेव्हा ज्योत्स्ना घरातली एकटीच सून होती. सासूबाईंचा, भागुबाईंचा, जन्म मखमलाबादच्या मळ्यात शेवंती खुडण्यात गेलेला. कॉम्प्युटर त्यांना कळत नसे. पण सून पडद्यावर मोर काढते आणि मशीन तोच मोर ब्लाऊजच्या पाठीवर शिवतं, हे दाखवायला त्या शेजारणींना हाताला धरून आणायच्या. “आमच्या थोरलीच्या हातात जादू हाय,” म्हणायच्या. ज्योत्स्ना मान खाली घालून काम करत राहायची आणि कान मात्र तिकडेच असायचे.

मग धाकट्या दिराचं, सुनीलचं, लग्न झालं. सुवर्णा आली, मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून नवं डिझाईनचं सॉफ्टवेअर शिकली आणि सुनीलनं नवा कॉम्प्युटर आणला. अडचण एवढीच झाली, की ज्योत्स्नाचं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना. द्वारका चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मयूरनं मार्ग काढला. एकाच डब्यात दोन्ही विंडोज ठेवल्या, डिझाईनं ठेवायची जागा सामाईक केली. सुरू करताना तो डबा विचारणार, जुनीत जायचं का नवीनमध्ये? कुणी काहीच सांगितलं नाही, तर आपला आपण नवीनमध्ये जाणार. ज्योत्स्नाला तेही लागलं. घरातली माणसं तशीच वागायला लागली होती.

आता शेजारणी सुवर्णाचं काम बघायला यायच्या. भागुबाई त्याच कौतुकानं त्यांना आणायच्या, फक्त खुर्चीतली सून वेगळी असायची. ज्योत्स्नाला जाऊचा मत्सर वाटत होता. देवासमोर हात जोडतानासुद्धा वाटत होता, आणि आपल्याला तो वाटतोय याची लाज वाटून ती आणखीच चिडत होती.

त्यात एक दिवस तिचा नवा मोर नाहीसा झाला. जुन्या विंडोजनं सुरू होताना इंग्रजीत काहीतरी विचारलं, आकडे उलटे पळाले, काहीतरी तपासलं, आणि मोर गायब. तिनं तणतणत मयूरला फोन लावला.

“वहिनी, त्याचं काय होतं,” मयूर म्हणाला, “नवी विंडोज शटडाऊन केली ना, तरी पूर्ण बंद नाही होत. पटकन उठता यावं म्हणून अर्धवट झोपते. मग सामाईक जागेत गोंधळ होतो, आणि तिथलं नवं काम, कुणाचंही असो, जुनीला कचरा वाटतं. तपासायला घेतलं की कधीकधी साफच करून टाकते. एकदा गेलं की मग माझ्याच्यानं पण परत येत नाही.”

“मग करायचं काय?”

“आकडे पळायला लागले की कुठलंही बटण दाबा. तपासणी थांबते. आणि सुवर्णावहिनींना सांगा, शटडाऊन करू नका, रीस्टार्ट करून मगच सोडा. सांगाल ना?”

“सांगते,” ज्योत्स्ना म्हणाली. त्या दिवशी घरात पाहुणे होते. दुसऱ्या दिवशी सुवर्णाच्या माहेरची माणसं आली. तिसऱ्या दिवशी सांगायला काहीच हरकत नव्हती, पण तिनं सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात निफाडहून जुनं गिऱ्हाईक आलं, प्रतिभाताई. त्यांची द्राक्षाची बाग. थोरल्या मुलीच्या लग्नात ब्लाऊजच्या पाठीवर द्राक्षाचा घड काढून दिला होता ज्योत्स्नानं. एकेक टाका स्वतः बसवला होता. त्या एका घडावर निफाडकडच्या कितीतरी बायका विचारत विचारत या घरी आल्या. आता धाकटीचं लग्न होतं.

“ज्योत्स्नाताई, तोच घड पायजे बरं का,” प्रतिभाताई रेशमी ब्लाऊज उलगडत म्हणाल्या. आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. सुवर्णानं घडच काढला होता. हिरव्यातून पिवळसर होत गेलेले मणी, एका बाजूनं ऊन पडल्यासारखे. पान कडेला जरा दुमडलेलं.

“अगं बाई! हा तर लय भारी हाय! खुडून तोंडात टाकावा वाटतो.” प्रतिभाताईंनी ज्योत्स्नाकडे बघितलं आणि जरा ओशाळल्या. “तुमचा पण चांगलाच होता हो. पण हाच करा. उद्या न्यायला येते.”

“ताईंचाच बघून काढलाय मी,” सुवर्णा म्हणाली.

ज्योत्स्नाला ते मलमपट्टीसारखं वाटलं. घड तिचा होता. दुसरं काहीही घे म्हणावं, मोर घे, कोयऱ्या घे, सासूबाईंना घे. घड कशाला घ्यायचा?

दुपारी सुवर्णा कॉम्प्युटर शटडाऊन करून भाजीला गेली. भागुबाई आत लवंडल्या होत्या. ज्योत्स्नानं कॉम्प्युटर सुरू केला, जुनी चौकट निवडली. काळ्या पडद्यावर ती इंग्रजी ओळ आली आणि आकडे उलटे पळू लागले.

कुठलंही बटण दाबलं असतं तरी चाललं असतं. ज्योत्स्नाचे दोन्ही हात मांडीवर होते. तिनं ते मांडीवरच ठेवले.

सकाळी सुवर्णाची हाक आली तेव्हा ज्योत्स्ना पोळ्या लाटत होती. “ताई, घड नाहीये! सगळं आहे, घडच नाहीये!” तिचा आवाज चिरकला होता. “आता प्रतिभाताईंना काय सांगू? त्या येतील ना इतक्यात!”

“रडू नको,” ज्योत्स्ना हात धुऊन बाहेर आली. “माझा जुना आहे. तोच घेऊ.”

मशीन सुरू झालं. सुवर्णा शेजारी स्टूलवर बसून एकेक रंगाचं रीळ हातात देत होती, मध्येच ओढणीनं नाक पुसत होती. “मीच काहीतरी चुकीचं दाबलं असणार, ताई. तुम्ही होतात म्हणून निभावलं.”

प्रतिभाताईंनी ब्लाऊज उलटासुलटा करून पाहिला. “कालचा नाय का हा? ऱ्हाऊ द्या, हा बी चांगला हाय,” म्हणाल्या आणि घडी घालून पिशवीत ठेवला.

“थोरलीनं वाचवलं बाई आज,” भागुबाई दारातूनच शेजारणीला सांगत होत्या. “लय हुशार. पयल्यापासूनच.”

दीड वर्ष हे वाक्य ऐकायला ज्योत्स्नाचे कान आसुसले होते. आता ते कानावर पडलं आणि तिला तिथून उठून जावंसं वाटलं.

संध्याकाळी सुवर्णा काम आवरून शटडाऊन करायला गेली.

“थांब,” ज्योत्स्ना म्हणाली. “शटडाऊन नको करू. रीस्टार्ट करून सोडायचं. नाहीतर नवी नुसती झोपते, आणि जुनीनं तपासलं की आपलं काम जातं. आकडे पळताना कुठलंही बटण दाबलं की राहतं.”

सुवर्णाचा हात माऊसवर तसाच राहिला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मयूरनं.”

“कधी?”

ज्योत्स्नाला खोटं बोलता आलं असतं. “माझा मोर गेला तेव्हा.”

सुवर्णानं वळून तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं रीस्टार्टवर बाण नेला, दाबलं, आणि पडद्यावर पुन्हा दोन चौकटी येईपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, “काल दुपारी तुम्ही जुनीत बसला होतात.”

“हो.”

एवढंच. सासूबाईंपर्यंत काही गेलं नाही, सुनीलपर्यंत नाही. रात्री दोघींनी मिळून भांडी आवरली. चार दिवसांनी सुवर्णानं घड पुन्हा काढला. आधीच्यापेक्षा देखणा झाला. भागुबाईंनी तो बघायला शेजारणींना बोलावलं, आणि ज्योत्स्नानं सगळ्यांना चहा केला.

त्या गेल्यावर सुवर्णानं घड पेनड्राइव्हवर घेतला आणि कॉम्प्युटरमधून पुसून टाकला.

“काय गं ते घेऊन चालली वर?” भागुबाईंनी विचारलं.

“काही नाही, आई.”

ज्योत्स्ना मशीनची सुई बदलत होती. वरच्या मजल्यावर सुवर्णाचं कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बंद झाल्याचा. या घरात कपाटं नुसती लोटून ठेवायची पद्धत होती. वर किल्ली फिरली.