ढिगाऱ्यातून आलेला गवंडी

मी मालिशचा बाक बोलतोय, तेही दबक्या आवाजात. माझा आवाज ऐकून एक माणूस पळून गेला होता.

मी मूळचा गोदामातला. हमाल माझ्यावर बसून जेवायचे. पोती वाहून एकाची पाठ धरली, तेव्हा त्याच्या जोडीदारानं त्याला माझ्यावर पालथं घातलं आणि तेल लावून अंगठ्यांनी रगडलं. गडी सरळ चालत घरी गेला. मग काय, रोज संध्याकाळी रांगच! त्या जोडीदारानं हे काम लेकीला शिकवलं. तिला सगळे ताई म्हणतात. तिनं मला आपल्या खोलीत आणलं, वर गादी ठोकली, तोंडासाठी भोक पाडलं. करवत चालली तेव्हा माझा जीव मुठीत होता. पण पुढं किती अवघडलेल्या माना, आखडलेले खांदे माझ्यावर सैल झाले! झोप उडालेली माणसं चक्क घोरली.

मग गवंडी आला. भिंत कोसळून तो ढिगाऱ्याखाली अडकला होता. हाडं जुळली होती, मालिशला डॉक्टरांची हरकत नव्हती. पण अंग अजून ताठच. बायकोनं त्याला कसंबसं आणलं.

तो पालथा झाला. भोकातून त्याचा तुटक, गरम श्वास खाली येत होता. माझा एक पाय खिळखिळा, म्हणून मी अंग चोरून उभा. ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला मात्र, मी करकरलो.

"पडतंय! पळा!" ओरडत तो अनवाणीच रस्त्यावर.

"भिंत पडायच्या आधी वरचं लाकूड असंच वाजलं होतं," बायको रडत म्हणाली. म्हणजे त्याला मीच पळवलं होतं.

"परत घेऊन या. बाकावर नको, खाली चटईवर बघू."

"येतील का हो ते?"

"काय सांगू?" म्हणत ताईनं चटई अंथरली.

तो आला. दार उघडं ठेवून उंबऱ्याजवळ बसला. ताईनं नुसता त्याचा तळहात चोळला. "नको म्हणालात की थांबते." तो नको म्हणत राहिला, ती थांबत राहिली. बऱ्याच खेपांनंतर एकदा तो कुशीवर लवंडला. ताईचा हात पाठीवर टेकला. तेवढ्यात बाहेरून ट्रक गडगडत गेला. तो दचकला. ताईनं झटकन हात उचलला. आता पळतो, मला वाटलं.

"हात काढू नका," तो म्हणाला.

आता तो नेमानं येतो. मी कोपऱ्यात असतो. ताईनं सुताराला निरोप धाडलाय. पाय बदलायचा की मला मोडीत काढायचं, ते अजून ठरलेलं नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? मागणं एवढंच: फोडायचंच असेल, तर तो घरी गेल्यावर फोडा.