चार दसऱ्यांच्या अक्षता

“टॉर्च धरून धरून हात भरून आला माझा. काहून एवढी घाई आहे तुले? विहंग आला की त्यानं पाहिलं असतं ना,” आमचे हे, निरंजन, माझ्या कानाशी पुटपुटले. टेबलाखाली आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बसलो होतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर इतकं जवळ बसायला काहीतरी बिघडावंच लागतं.

“दुसऱ्या हातात धरा,” मी म्हटलं.

घाई का होती, हे त्यांनाही ठाऊक होतं. माझे सासरे यशवंतराव रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं त्यांनी एका बोटानं टाइप करत रायपूरच्या मराठीतले शब्द गोळा केले. साडेचार हजार. इथलं मराठी मंडळ त्याचं पुस्तक छापणार होतं. आणि ते सगळं या जुन्या कॉम्प्युटरच्या एकाच हार्ड डिस्कमध्ये होतं, जी आठवड्यापूर्वी कट्-कट् करायला लागली होती. दुसरी प्रत नाही. कारण ‘विहंग आला की काढून देईल.’

विहंग आमचा मुलगा, हैदराबादला कॉम्प्युटर इंजिनिअर. ‘विहंग आला की’ हा आमच्या घरातला सणच आहे, फक्त तो पंचांगात सापडत नाही.

मी बारावी शिकलेली. आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज मी शिवते. कट्-कट् ऐकल्याबरोबर मी कॉम्प्युटर बंद करून टाकला आणि सहा दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहून वहीत टिपणं काढली. दुकानात गेले तर तो म्हणतो, “दीदी, भैया को भेज दो, उनको समझा देंगे.”

मी म्हटलं, “भैया टॉर्च पकड़ेंगे. आप पाँच सौ जीबी वाली डिस्क दीजिए, और साटा केबल, लंबी वाली.”

तर आता नवी डिस्क जुनीच्या खालच्या खणात सरकवली, चार स्क्रू आवळले, करंटची वायर लावली. केबलचं एक टोक डिस्कमध्ये बसलं. दुसरं मदरबोर्डच्या मोठ्या हिरव्या पाटीवरच्या रिकाम्या खाचेत बसायचं होतं, ते अर्ध्यावर अडलं.

“दाब जरा,” हे म्हणाले.

“सुई अडली तर मशीन दामटायचं नसतं. टॉर्च जवळ आणा.”

खाचेत काहीतरी लाल होतं. दोरे काढायच्या चिमट्यानं हळूच ओढलं. तांदळाचा दाणा. कुंकवातला. मग आणखी एक तुकडा. खाली कॉम्प्युटरच्या डब्याच्या तळाशी तर मूठभर पसरले होते.

दर दसऱ्याला बाबा, म्हणजे माझे सासरे, या कॉम्प्युटरची पूजा करतात. हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि वरून अक्षता. डब्याचं झाकण चार वर्षांपूर्वी विहंगनंच काढून ठेवलं होतं. म्हणाला होता, “गरम होता है, खुला रहने दो. अगली बार आऊँगा तो पंखा बदल दूँगा.” तेव्हापासून चार दसरे झाले.

“बाबा, तुमचा आशीर्वाद अडकला होता!” यांनी मागे खुर्चीत बसलेल्या बाबांना दाणा दाखवला.

“मी तं कधीचा म्हणून राहिलो झाकण लावा म्हणून,” बाबा म्हणाले.

केबल खट्कन बसली. बटण दाबलं. पडद्यावर दोन डिस्क दिसल्या: एक १४९ची, एक ४६५ची. आता नवीची आखणी करून ती फॉरमॅट करायची, म्हणजे कोरी करायची. बोट चुकून जुनीवर पडलं तर अकरा वर्षं कोरी.

“विहंगले लावू फोन?” यांनी लावलाही. तो मीटिंगमध्ये होता.

मी वही उघडली. माझ्याच अक्षरात होतं: ‘पाचशेची डिस्क ४६५ दिसते. घाबरू नये, कापडही धुतल्यावर आटतं.’ आकडा तीनदा वाचला. जुनीचा आकडा बोटानं झाकला आणि ४६५वर ‘फॉरमॅट’ दाबलं.

झालं. मग ‘शब्द’ नावाचा फोल्डर इकडून तिकडे सोडला. जुनी डिस्क कट्-कट् करत होती, पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. एक्क्याण्णव टक्क्यांवर थांबली. बाबांनी वाचायचं भिंग मुठीत आवळलं. यांच्या हातातली टॉर्च भर दिवसा पेटलेलीच.

पट्टी हलली. शंभर.

नव्या डिस्कवरून फाइल उघडून मी थेट शेवटचं पान काढलं. बाबांनी भिंगातून वाचलं, “हव. म्हणजे होय.” आणि पुन्हा एकदा, उगीचच, “हव.”

मी हात पुसले. असले काळे हात मी आयुष्यात इतक्या ऐटीत पुसले नव्हते.

तेवढ्यात मंडळाच्या नरहरभाऊंचा फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर. “यशवंतराव, निघाली का फाइल? आला वाटते विहंग!”

मी पडद्याकडे पाहिलं. यांनी टॉर्चकडे पाहिलं. दरवेळी बाबा म्हणतात, ‘येऊन राहिला, पुढच्या महिन्यात.’

बाबांनी भिंग खाली ठेवलं.

“नाही, नरहर. विहंग येत नाही. चार वर्षं झाली, आता येणारही नाही तो. हे काम माझ्या सुनेनं केलं. नीलिमानं. पुस्तकात नाव टाकजो तिचं.”