सू-चिनताईचा होकार

"पिवळं पाकीट कोणी ठेवलं इथे?"

वंग मालकांचा आवाज सर्व्हरच्या खोलीतून आला तेव्हा मी डबा उघडून बसले होते. आ-खायने मान खाली घातली आणि भातात लक्ष असल्यासारखं दाखवलं, त्यावरूनच मला कळलं.

"दुकानात हिरवी संपली होती मालक," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "सातवा महिना लागलाय. नैवेद्यासाठी लोकांनी उचलून नेली सगळी."

"मग पुढच्या दुकानात जायचं! पाय मोडले होते? पिवळं ठेवतोस यंत्रावर? वर आणखी फोडलेलं!"

"थोडंसंच खाल्लं."

आमच्याकडे यंत्रावर हिरवंच पाकीट ठेवतात. मक्याचा कुरकुरीत खाऊ असतो आत, खोबऱ्याच्या चवीचा. 'शहाण्यासारखं वाग' असा त्या खाऊच्या नावाचाच अर्थ आहे आणि हिरवा रंग म्हणजे काम चालू. पिवळं पाकीट चालत नाही, तारीख उलटलेलं चालत नाही, फोडलेलं तर मुळीच नाही. बँकेपासून इस्पितळापर्यंत सगळे हे पाळतात, आणि कोणी विचारलं तर आमचा काही विश्वास नाही बुवा, असंही सांगतात. आमच्या सर्व्हरवरचं पाकीट सू-चिनताई बदलायची. गेल्या हिवाळ्यात ती गेली आणि पाकिटाच्या तारखेकडे कोणी बघितलंच नाही. आता यंत्र घरघरायला लागलं तेव्हा सगळ्यांना आठवण झाली.

त्या सर्व्हरला आम्ही म्हातारा म्हणायचो. बुदायच्या किनाऱ्यावर माशांची तळी आहेत, त्यात पाणी घुसळणारी चाकं असतात. पाण्यातला प्राणवायू उतरला की चाकं आपोआप सुरू करणारी पेटी आमची कंपनी बनवते. पेटीतला प्रोग्राम चुकला तर सकाळी तळं पांढरंफटक दिसतं, माशांच्या उलट्या पोटांनी. तो प्रोग्राम बहुतेक सगळा सू-चिनताईने लिहिलेला, आणि तो म्हाताऱ्याच्या पोटात होता. बाहेर कुठे ठेवायला तिने कधी दिला नाही. "दुसऱ्याच्या घरी आपली पोरं कशाला ठेवायची?" असं म्हणायची. तिला पोरं नव्हती, लग्नही केलं नव्हतं.

मालक घाम पुसत बाहेर आले. "आ-श्या, हा काही महिना काढत नाही. इंटरनेटवर कोड ठेवायला जागा देतात ना भाड्याने? त्या बघ. तुलना कर. एका कागदावर दे मला."

"मालक, सातवा महिना मेलेल्यांचा. त्यात कोणी घर बदलत नाही."

"कोड म्हणजे घर आहे का?"

"मग तुम्हीच हलवा."

"मी मालक आहे," ते म्हणाले आणि गेले. हे त्यांचं नेहमीचं उत्तर. त्यावर आजवर कोणाला काही सुचलेलं नाही.

मी तीन सेवा निवडल्या. प्रत्येकीत चाचणी म्हणून आमचा तळ्याचा प्रोग्राम चढवून बघायचा, असं ठरवलं.

पहिली स्वस्त होती आणि चपळ. कोड आला, कोणी कधी काय बदललं तोही इतिहास आला. बोलणं मात्र आलं नाही. म्हणजे असं, की आमच्याकडे एकाने बदल केला की दुसऱ्याने तो वाचायचा आणि ओळीच्या शेजारी आपलं म्हणणं लिहायचं. वाचणारी बहुतेक वेळा सू-चिनताईच. समोर बसून ती दिवसभरात चार शब्द बोलायची नाही, पण तिथे मोकळी सुटायची. 'आ-खाय, हे तू झोपेत लिहिलंस का?' 'आ-श्या, मासे तुझ्या जेवणाच्या सुट्टीसाठी थांबत नाहीत.' एकदा मालकांनी स्वतः एक ओळ लिहिली होती, तिच्याशेजारी नुसतं 'अरे देवा' असं होतं. पहिल्या सेवेत यातलं काहीच नव्हतं. कोड नीटनेटका होता आणि कोणी राहत नसलेल्या घरासारखा वाटत होता.

दुसऱ्या सेवेत बोलणं आलं. मी खूश होऊन उघडलं. चाकांच्या फाईलमध्ये एक ओळ आहे, पहिलं चाक सुरू झाल्यावर दुसरं जरा थांबून सुरू करणारी. तिच्याशेजारी ताईने लिहून ठेवलं होतं, 'हे थांबणं काढू नका. का ते मला विचारा.' तो शेरा जागच्या जागी होता, पण लिहिणारीचं नाव नव्हतं. नावाच्या जागी एक करडी आकृती होती, तोंड नसलेली, आणि तिच्याखाली लिहिलं होतं, भूत.

ज्याचं खातं उरलेलं नाही त्याला ती सेवा हेच नाव देते. बनवणाऱ्यांना गंमत वाटली असेल. 'मला विचारा – भूत.' मी खाली खाली जात राहिले. झोपेत लिहिलंस का, भूत. अरे देवा, भूत. पानामागून पान तेच. भर दुपारी मी स्क्रीन बंद केला.

या महिन्यात आम्ही तो शब्द तोंडातूनही काढत नाही. भले भाऊ म्हणतो. ज्यांचं नाव घेऊन उदबत्ती लावणारं कोणी उरलं नाही, ते भले भाऊ. ते या महिन्यात दारोदार फिरतात, म्हणून दारात टेबल मांडून त्यांना जेवू घालायचं. आणि सू-चिनताईचं काय होतं? मेलेल्या माणसाच्या नावाची लाकडी पाटी आम्ही घरच्या देव्हाऱ्यात ठेवतो, पण बिनलग्नाच्या मुलीची पाटी माहेरच्या देव्हाऱ्यात बसत नाही. भावाने ती टेकडीवरच्या देवळात नेऊन ठेवली, परक्यांच्या पाट्यांच्या रांगेत. भाऊ वाईट नाही, रीतच तशी आहे. पण मला त्या रीतीचा राग येतो. तिचं नाव धडपणे कुठे उरलं असेल तर ते आमच्या कोडच्या कडेला, आणि तिथेही आता भूत म्हणून लिहायचं?

तिसरी सेवा महाग होती आणि तिचे चोचले फार. तिथे जुन्या माणसाचं नाव राखता येत होतं, पण दोन अटींवर. त्या माणसाची जागा दरमहा भाडं भरून चालू ठेवायची. आणि त्या माणसाने स्वतः ईमेल उघडून 'होय, ही मीच' या बटणावर बोट ठेवायचं.

मी तक्ता करून मालकांना दिला. भाडं, वेग, सुरक्षा, बंद पडली तर काय, असे रकाने होते. मालकांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं.

"'सू-चिनताईचं काय होतं?' हा काय रकाना आहे?"

"पहिलीत ती मुकी होते. दुसरीत भूत होते. तिसरीत राहते."

"शब्द वापरू नकोस तो." त्यांनी दाराकडे बघितलं. "मेलेल्या बाईचं दरमहा भाडं भरू मी?"

"जिवंत होती तेव्हा तिने काय मागितलं तुमच्याकडे? पेटीवर तुमचं नाव छापलंय. आत सगळं तिचं आहे."

मी हे इतक्या मोठ्याने बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. आ-खाय उठून पाणी प्यायला गेला. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आणि 'ही मीच' असं कोण म्हणणार?" ते हळू आवाजात म्हणाले. "तू? या महिन्यात मेलेलीच्या नावाने ओ देणार?"

सातव्या महिन्यात मागून कोणी हाक मारली तरी आम्ही वळून बघत नाही. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

"जा, तिलाच विचारून ये," मालक म्हणाले. "ती हो म्हणाली तर भरतो भाडं."

त्यांनी विषय मिटवायला म्हटलं होतं. मी मात्र ते धरून ठेवलं.

ताईची ऑफिसची ईमेल पेटी अजून चालू होती, बंद करायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. ती मी माझ्या फोनवर घेतली आणि तिसऱ्या सेवेतून तिला बोलावणं धाडलं. त्याच दुपारी ऑफिसच्या दारात नैवेद्याचं टेबल होतं. बिस्किटं, डबाबंद फळं, पाहुण्यांना तोंड धुवायला पाण्याचं घंगाळ, शेजारी नवा टॉवेल. प्रत्येक पुड्यात एकेक उदबत्ती खोचताना माझ्या मनात आलं, इथेच विचारावं का तिला? आणि मीच दचकले. या टेबलावर बिननावाचे येतात. तिला इथे हाक मारली असती तर मीच तिला त्यांच्यात बसवलं असतं. उरलेल्या उदबत्त्या आ-खायच्या हातात दिल्या आणि स्कूटर काढून टेकडीवर गेले.

देवळातल्या पाट्या बोटभर रुंदीच्या आहेत. ताईची सापडायला वेळ लागला. मी तिच्यासमोर हिरवं पाकीट ठेवलं, तीन दुकानं फिरून मिळवलेलं, आणि तिचा बिनसाखरेचा चहा. तिथली राखण करणारी आजीबाई झाडू टेकून माझ्याकडे बघत उभी राहिली.

"कौल लावायचाय? मग नाव, गाव, काम नीट सांग. नाहीतर तिला कळायचं कसं?"

मी ताईला सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचं, तीन सेवांचं, भाड्याचं, बटणाचं. आजीबाईने मन लावून ऐकलं.

"म्हणजे जागा बदलतेय होय ती?"

"हो आजी."

"जागा बरी आहे का?"

"तिघींत हीच बरी आहे."

"तर मग विचार की."

चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे मी हातात धरले. "ताई, तुझ्या नावाने मी 'होय' म्हणू का?" असं विचारून खाली टाकले. दोन्ही सपाट बाजू वर करून पडले.

"हसतेय," आजीबाई म्हणाली. "हो पण नाही, नाही पण नाही. तुझा प्रश्नच धड नाही."

परत टाकले, परत हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण ती तशीच होती. प्रश्न धड नसला की उत्तर द्यायची नाही, हसायची. मी काय विचारत होते? तिच्या नावाने मी काय करू, मी. तिचं तिला कोणी विचारलंच नव्हतं, ना भावाने, ना मालकांनी, ना मी.

"ताई," मी म्हटलं, "तुला आमच्याबरोबर यायचंय का?"

एक तुकडा सपाट बाजू वर करून पडला, एक पालथा, म्हणजे होकार. आजीबाई म्हणाली, तीनदा मागून घे, म्हणजे शंका राहत नाही. मी तीनदा मागितला आणि तिन्ही वेळा होकार आला.

फोन मी पाटीसमोर धरला आणि तिथेच बटण दाबलं. लगेच फोन थरथरला. पडद्यावर आलं, 'यो सू-चिन, तुमचं स्वागत आहे.' मागे कोणीतरी खोकलं. आजीबाईच असणार, पण मी वळून बघितलं नाही.

मालकांनी भाडं भरलं. कुरकुर केली, पण शब्द पाळला. सगळं नव्या जागी गेल्यावर म्हातारा बंद केला आणि भंगारवाल्याला दिला. देण्याआधी आ-खायने त्याच्यावर चक्क हिरवं पाकीट ठेवलं.

पुढे थंडी पडायला लागली तेव्हा बुदायहून एका तळेवाल्याचा फोन आला. दुसरं चाक उशिरा सुरू होतं म्हणून तो वैतागला होता. "काढून टाक ते थांबणं," मालक मला म्हणाले. मी शेरा दाखवला, का ते मला विचारा. "अगं, आता कुठून विचारणार? काढ."

मी ओळ काढली आणि बदल पुढे पाठवला. तो पुढे गेला नाही. नव्या सेवेत एक नियम आहे. ज्या फाईलवर ज्याचं काम जास्त, त्याने आधी बदल वाचून होकार द्यायचा. पडद्यावर यो सू-चिन हे नाव आलं आणि त्याच्यासमोर, होकाराची वाट पाहत आहे.

मी मालकांना हाक मारली. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्याच्या तळाशी एक लाल बटण होतं, न थांबता पुढे जा असं लिहिलेलं. ते फक्त मालकांच्या खात्यावरून चालतं. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून माऊस हातात घेतला. मी त्यांच्यासाठी खातं बदलून दिलं आणि बाजूला झाले.

बाण लाल बटणापर्यंत गेला. तिथे थांबला. आ-खायचं टाइप करणंही थांबलं.

"किती वेळ वाट बघते ही?" मालकांनी विचारलं.

"तुम्ही काही केलं नाही तर बघतच राहील."

त्यांनी माऊस सोडला. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"तळेवाल्याला फोन लाव," ते म्हणाले. "सांग, चाक थांबतं ते बरोबर आहे."

"त्याने का म्हणून विचारलं तर?"

मालक आपल्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते. तिथून माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "तर सांग, जिला माहीत आहे तिला विचारलंय."