चुन्याचे हात

बंदरावरचा तो पुरुषभर उंचीचा दगड तीन हजार वर्षांपूर्वी कुणी उभा केला, कशासाठी, कुणालाच ठाऊक नाही. पण गेली शंभरेक वर्षं मासेमारांनी त्याला आपलासा केला आहे. समुद्रावर जाताना चुन्यात हात बुडवून दगडावर उमटवायचा. परत आलं की तो स्वतःच पुसायचा, मगच घरी जायचं.

मी जुन्या वस्तूंची डागडुजी करते. चुना मूळच्या कोरीवकामाला खात होता, म्हणून पुरातत्त्व खात्यातल्या साहेबांनी मला पाठवलं. मी याच गावची, मला कळायला हवं होतं. पण चार बुकं शिकलेल्या बाईला कोण सांगणार! दोन दिवसांत मी मऊ ब्रशने एकूण एक हात साफ केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या भावाची बायको माझ्या कामाच्या खोलीत आली.

"वन्सं, दगड तुम्ही पुसलात?"

"पुसला नाही गं, साफ केला."

"ह्यांचाही हात होता त्यात. होडी कालच यायला हवी होती."

असलं काही नसतं, असं म्हणता म्हणताच मी फोन उचलला. धाकट्याचा हात मीच पुसला होता. बंदराच्या कचेरीत मी नऊ वेळा फोन केला. कारकून वैतागला. भावजयीने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी होडी आली. इंजिन बिघडलं होतं, एवढंच. मला रडूच फुटलं. पण तास झाला तरी धाकटा घरी येईना, म्हणून आम्ही दोघी बंदरावर धावलो. तो कोऱ्या दगडापुढे उभा होता.

"ताई, आता पुसू काय? आणि न पुसता घरी कसा येऊ?"

कामाआधी फोटो काढून ठेवायची आमच्यात शिस्त असते. मी मोबाइलवर त्याचा हात शोधला. अर्धी करंगळी लगेच ओळखू आली. साहेब गेले खड्ड्यात, म्हणत मी चुना कालवला. त्याने त्याच जागी हात उमटवला, पुसला आणि बायकोबरोबर घरी गेला.

मी वळले तर मागे बायकांची रांग लागलेली. त्यांच्या होड्या अजून समुद्रातच होत्या. पुढच्या म्हातारीने फोटोवर बोट ठेवलं.

"हा माझ्या लेकाचा. हा आता कोण उमटवणार, बाई?"